जर गाळून

घोडपदेवची महापालिकेची शाळा, खोली नंबर सहा.
सकाळच्या पोरांची बाराखडी फळ्यावर अजून तशीच,
तिच्या शेजारी मी खडूने लिहितो: इफ.
रात्रीचे आठ पन्नास. पंखा एकच,
तोही माझ्या डोक्यावर नाही.

"बर्फ उघडा ठेवला, तर वितळतो,"
पटवेकर पहिल्या झटक्यात उदाहरण देतात.
भाऊच्या धक्क्याजवळ बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळी त्यांची,
नियम त्यांच्या बोटांना माझ्याआधी ठाऊक.
"पण सर, ह्यात जर कुठंय?"

खरंच, कुठंय.
उशीर झाला तर जेवून घे.
कोणी आलं तर चावी शेजारी आहे.
पटलं तर बघ, नाहीतर राहू दे.
अख्ख्या गल्लीत जर कुणी उच्चारत नाही,
तो पुस्तकात असतो, नाहीतर वकिलाच्या तोंडी.
आपण नुसता तर ठेवतो, दाराच्या कडीसारखा.
इंग्रजीत उलटं:
इफ हवाच, देन गाळला तरी चालतो.

"म्हणजे अर्धं त्यांनी ठेवलं, अर्धं आपण,"
कुंदा मयेकर म्हणाल्या.
इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी मोजतात दिवसभर,
वाटण्या त्यांना पटकन कळतात.

गेल्या मंगळवारी त्यांनीच करारनामा आणला होता,
बिल्डरचा, चाळीस पानी, पिशवीत दुधीच्या खाली.
बाविसाव्या पानावर अनलेस.
मी शिकवलं होतं: अनलेसच्या पोटात नॉट असतो,
बाहेरून दिसत नाही, म्हणून दुसरा घालू नये.
त्या बोटाने ओळ धरून वाचत गेल्या,
त्या पोटापाशी बोट थांबलं.
"म्हणजे नव्वद दिवसांत खोली सोडली नाही,
तर भाड्याचा एक पैसा नाही."
अचूक. दहापैकी दहा.
मी पेनाला टोपण लावलं.

आज दुसरा प्रकार, जे नाही त्याचा.
इफ आय वेअर.
"एकट्या आयला वेअर? चूक ना सर?"
चूकच, उगले, पण मुद्दाम केलेली.
नसलेल्याबद्दल बोलायचं तर
क्रियापदानं थोडं लंगडायचं असतं.
उगले मागच्या बाकावरून:
"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!"
वर्ग फुटला. जिन्यातला शिपाईसुद्धा.
मी म्हणालो, लिहून घ्या, हेच उदाहरण.

मग तिसरा. होऊन गेलेलं, आता न बदलणारं.
इंग्रजी त्याला वेगळी खोली देते.
आपल्याकडे कधी न होणारं आणि होता होता राहिलेलं
एकाच असतो-मध्ये दाटीवाटीने राहतं,
एक मोरी, एक खिडकी,
कोण कुठल्या कुशीवर झोपलंय
ते फक्त घरच्यांना कळतं.

वह्या घरी आणल्या.
उगलेने पाच वाक्यांत पाच लॉटऱ्या लावल्या होत्या.
पटवेकरांच्या पानावर एकच ओळ:
इफ आय हॅड नॉट सोल्ड द बोट,
स्वल्पविराम ठसठशीत, सांगितला तिथेच.
पुढे कोरं.
लाल पेनाने 'वाक्य अपूर्ण' लिहायला गेलो,
'वा' झाला आणि तेवढाच राहिला.

गुरुवारी वही परत दिली.
पटवेकर तो 'वा' बराच वेळ बघत होते.
त्यांना वाटलं, शाबासकी.
"सर, पुढचं सुचलंच नाही. चुकलं?"
नाही, म्हणालो, तुम्ही देन गाळलात.
इंग्रजीत चालतं.
"चालतं तर,"
ते म्हणाले, आणि घड्याळ बघून उठले.
दहाला लाद्या निघायला लागतात.