हद्दकायम मोजणी

चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे बांध मोजले.
वडूज, दहिवडी, मायणी,
खांद्यावर साखळी, खिशात फिल्डबुक,
दोन भावांच्या मधोमध उभं राहायचं
आणि दोघांच्याही शिव्या खायच्या.
मृणालच्या बारशाला मी कुठल्यातरी गटात खुणा रोवत होतो.
तिचं दुपटं कधी बदललं ते आठवत नाही.
आठवत नाही म्हणजे बदललंच नाही.

आता हडर्सफील्डमध्ये, सकाळी सव्वासातला,
कोटाची बटणं लावत ती दारातून सांगते,
'बाबा, एकशेऐंशी मिली, सहा चमचे, सपाट.'
सपाट म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.
सुरीच्या पाठीनं पावडर कापतो,
बाटली डोळ्याच्या रेषेत धरतो,
पाण्याची कड रेघेला टेकेपर्यंत श्वास रोखतो.
ऋता खालून पायजम्याची नाडी ओढते.

पहिले पंधरा दिवस ती माझ्याकडे यायचीच नाही.
फोनवर ही हसायची.
हिचे गुडघे विमानात मावत नाहीत,
सूचना मात्र मावतात:
'पाठीवर थापट. अहो, इतक्या जोरात नाही, पोतं आहे का ते?
आणि खिशातली पेनं काढा आधी, टोचतात तिला.'
पेनं काढली.
मग आली.

ढकलगाडी घेऊन निघतो. इथं सगळं गाव उतारावर,
काळ्या दगडांची घरं एकमेकांच्या खांद्याला टेकून,
ऊन पडलं तरी ओली दिसणारी.
तिला झोप नेमकी कुठे लागते
ते मी आठवडाभर टिपून ठेवलं.
दोनशे दहा पावलांवर लाल टपालपेटी, डोळे जड.
चौदा नंबरचा कुत्रा, पुन्हा टक्क जागी.
कालव्याचा पूल ओलांडला की फरसबंद वाट,
चाकं कडकडायला लागतात,
आणि पाणी अडवणाऱ्या तिसऱ्या दारापाशी मान कलते.
तिथं बाकावरच्या एका आजीबाईंनी नाव विचारलं.
'रीटा? छान नाव.'
नोंदीत एकदा नाव चुकलं
की जन्मभर फेरफार करत बसावं लागतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?
तरी दुरुस्त केलं नाही.

दुपारी ती पलंगावर झोपते, तिची चतुःसीमा येणेप्रमाणे:
पूर्वेस भिंत, दक्षिणेस लोड,
पश्चिमेस कापडी हत्ती, उत्तरेस मी.
मग ती लोळते.
हत्तीवर अतिक्रमण, लोडावर अतिक्रमण,
शेवटी टाच माझ्या बरगडीत, खुणेचा दगड पुरल्यासारखी.
वीतभर बांध कोरला म्हणून
कुऱ्हाडी निघालेल्या पाहिल्यात मी.
इथं मीच सरकून जागा करून देतो,
सरकत सरकत पलंगाच्या काठावर येतो,
एक पाय जमिनीला लावून पडून राहतो.

सहा महिन्यांचा शिक्का. राहिले नऊ दिवस.
मग ऋता जॅनिसकडे. चांगली बाई आहे,
अजून दोन पोरं सांभाळते.
मी तिच्यासाठी नकाशा काढला,
एक सेंटिमीटरला पन्नास पावलं,
पेटी, कुत्रा, पूल, दार, उत्तर दिशेच्या बाणासकट.
मृणाल रात्री इंग्रजीत सूची लिहायला बसली.
कुत्र्यापाशी थांबली.
म्हणाली, 'बाबा, तुम्ही माझा कधी…'
आणि पेन्सिलीला टोक करायला उठली.
टोक होतं पेन्सिलीला.

जॅनिसनं नकाशा पाहिला, हसली,
म्हणाली, ती पोरांना मोटारीनंच फिरवते.
बरं.
सध्या तो फ्रीजवर आहे, चुंबकाखाली.
ऋता आता फ्रीजला धरून उभी राहते.
काल तिनं कागदाचा खालचा कोपरा ओढून तोंडात घातला,
नेमका तोच, जिथं मी सवयीनं सही केली होती,
खाली तारीख.
शाई पसरलीय. अक्षर लागत नाही.
नक्कल काढायला दहा मिनिटं पुरतील.
काढलेली नाही.