सईचा मामा

भट्टी बसवायला तो जॉर्जियातून आला,
शिरोलीत आठ दिवस झाले, आणि शहर बंद.
कुणाच्या तरी मोबाइलवरचं काहीतरी.
काय ते आम्हाला कळेपर्यंत
पापाच्या तिकटीला पोलीस उभे,
आणि शटर पडायचा आवाज
गंगावेशीकडून आमच्याकडं सरकत येणारा
दुकान दुकान करत.

लॉजवाल्यानं हात वर केले. मालक म्हणाले,
सर्जेराव, दोन दिवस तुझ्याकडं ने.
स्प्लेंडरवर मागं बसवून आणला,
मांडीवर बॅग, डोक्यावर माझं हेल्मेट.

नेट बंद. म्हणजे त्याची मराठी बंद.
आठ दिवस त्याच्या फोनातली एक बाई
आमच्याशी पुस्तकी बोलत होती,
“कृपया तापमान वाढवा.”
आता ती गप्प, टेबलावर पालथी.

मंगल भाकरी थापत होती.
त्यानं बोट दाखवलं. “पुरी?”
घरात तेल तळाला, वाणी बंद.
तरी तळल्या तिनं,
पाहुणा तोंडानं मागतोय म्हटल्यावर.
तो पुऱ्यांकडं बघत राहिला, मग भाकरीकडं,
मग दोन्ही खाल्लं.
आणखी वाढायला गेली तर म्हणाला, “अरा, अरा.”
“बघा, अरारा करायला शिकला,”
म्हणत तिनं दोन जास्तच टाकल्या.

रात्री कुणी न सांगता
त्यानं बादल्या भरल्या, कळशी भरली,
खिडकीखालची गादी ओढून
आतल्या भिंतीला लावली, सईला तिथं निजवलं.
हे कुठं शिकलास, विचारायला
माझ्याकडं शब्द नव्हता, खूणही नव्हती.
त्यानंच डोळे चोळून दाखवले,
मग खोटंखोटं खोकला.
धूर. म्हणजे तिकडंही चौक असणार.

दुसऱ्या रात्री दारात चौघं.
ओळखीचीच पोरं, एकाला मी लेथ शिकवलाय.
“काका, वर खिडकीत कोण हाय? नाव काय पाहुण्याचं?”

झुराब.

कारखान्यात ते नुसतं हाक मारायचं नाव होतं.
आता दारात उभं राहून
मी ते जिभेवर फिरवून बघितलं,
त्या चौघांच्या कानांनी ऐकून बघितलं.
त्याचा धर्म कुठला, मला खरंच ठाऊक नव्हतं.
ठाऊक असता तर काय बोललो असतो,
ते अजून ठरलेलं नाही.
माझ्याच उंबऱ्यावर, माझ्याच मराठीत
मला बोलता येईना.

“सईचा मामा,” म्हणालो. “बेळगावचा.”
“मग सांगायचं न्हाई व्हय,” म्हणाली, गेली.
कडी लावताना हात ओला.
वळलो तर जिन्यावर तो.
एवढ्या बोलण्यातला एकच शब्द
त्याच्यापर्यंत पोचला होता.
सई पहिल्या दिवसापासून त्याला मामाच म्हणायची,
आणि दर वेळी तो तोंड फिरवून
बुटाची नाडी बांधायला लागायचा.

तिसऱ्या दुपारी नेट आलं.
फोनातली बाई झोपेतून उठल्यासारखी बोलली,
“तुमची वाळू ओली आहे. उद्या ओतकाम करू नका.”
तीन दिवस हेच पोटात ठेवून होता गडी!
मग शब्द निघाले. पुरी म्हणजे भाकर.
अरा म्हणजे नको.
मंगलनं कपाळावर हात मारला, “अरारा.”

शेवटचा शब्द त्यानं स्वतःच टाइप केला,
सावकाश, एका बोटानं.
मामा.
बाई म्हणाली, “वडील.”
मग एक फोटो. सईएवढीच पोरगी,
फाटकाला धरून उभी.

सईला आम्ही काही सांगितलं नाही.
तिनं हाक मारली. या वेळी त्यानं ओ दिली.

ओतकाम शुक्रवारी केलं. वाळू ओलीच होती,
दोन साचे गेले.
परवा लेथवाला पोरगा चहाच्या गाड्यावर भेटला.
“मामा गेलं काय बेळगावला?”
गेले म्हणालो.
नाव अजून सांगितलेलं नाही.