पाच आठ तीन शून्य एक

हॅनकॉकच्या दवाखान्यात, तळघरात,
बॉयलरकडे पाठ करून मी बसते
आणि वर घडलेल्या गोष्टींना आकडे देते.

आजची नोंद साडेतीन ओळींची.
दोरे दिसले. चिमट्यात धरले. खोकायला सांगून ओढले.
तांबी अखंड निघाली. रक्तस्राव नगण्य.
रुग्णाने नीट सोसलं.
(हे वाक्य डेलफीन सगळ्यांसाठीच लिहिते.)

काढणं : पाच आठ तीन शून्य एक.
बसवणं त्याच्या एक घर अलीकडे, शेवटी शून्य.
फाईल मागे मागे चाळली, तर नऊ वर्षांपूर्वीचं ते शून्य
माझ्याच हातचं निघालं. व्ही. एच., ऑक्टोबर, शुक्रवार.
ती तेव्हा एकोणतीसची होती.
मी काय होते, आठवत नाही.

आता कारण हवं.
कारणाशिवाय विमा कंपनी दमडी सोडत नाही.
मी तर मनातल्या मनात लोकर काढून
बाळमोजे विणायला बसलेही होते.
पण नवी बसवली का, त्याच दिवशी?
बसवली असेल तर निदान बदलतं,
शेवटचा दोन जाऊन तीन येतो.
अंदाजाने लिहायचं नसतं.
लिहिलं नाही ते घडलं नाही,
हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
म्हणून वर विचारणा पाठवली.

उत्तर जेवणानंतर आलं :
नवी नाही. गरज उरली नाही म्हणाली.
नवरा फेब्रुवारीत गेला, मासे धरताना,
तलावावरचा बर्फ फुटून.
तांबी हातात मागितली. धुऊन दिली.
हे कोडसाठी नाही, व्हर्ना. तू विचारलंस म्हणून.

तांबं बाहेर काढणं आमच्या गावाला नवं नाही.
माझे आजोबा खाणीवर कारकून होते,
रोज संध्याकाळी शाईने टन लिहायचे,
किती निघालं ते.
वर कोण आलं नाही, त्याला वहीत रकाना नव्हता.
ती नावं ते घरी घ्यायचे, फिनिशमध्ये,
बटाटा सोलता सोलता, आमच्याकडे न बघता.
आजी म्हणायची, जेवताना नको.
ते थांबायचे. मग पुन्हा एखादं.

झेड तीस, टिंब, चारशे बत्तीस.
काढण्यासाठी भेट.
यात एक अक्षर खोटं नाही.

एंटर दाबते. दावा गेला.
ती आत्ता पुलावर असेल,
कोटाच्या खिशात काळवंडलेलं, इवलंसं, धुतलेलं तांबं,
आणि खाली कालव्यात अजून न विरघळलेला बर्फ.
किंवा पुलावर नसेलही,
किराणा दुकानात असेल, दूध घेत.
मला काय ठाऊक.
मला तिची जन्मतारीख ठाऊक आहे.

पुढची फाईल : कानात वाटाणा, वय चार.
वाटाणा अखंड निघाला.
रुग्ण रडला, असं स्वच्छ लिहिलंय.