नखं

दर गुरुवारी, भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधी,
रिबका आत्या कॅम्पातून निघायची
सिव्हिल इस्पितळाच्या मागच्या वॉर्डाकडे.
पिशवीत डेटॉल, जुन्या धोतराच्या पट्ट्या,
खोबरेल तेलाची चपटी बाटली
आणि रुमालात गुंडाळलेलं नेलकटर.

ज्यांना कोणी भेटायला येत नाही
त्यांचीही नखं वाढतात, एवढं तिला
नर्सिंगच्या तीस वर्षांत कळलं होतं.
औषध सरकार देतं, खिचडी कुठलंसं मंडळ देतं.
नखांचं कोण बघणार?

मी रिक्षातून सोडायचो, बाहेरच थांबायचो.
वास सहन व्हायचा नाही, खरं सांगतो.
एकदा गेटवर दोघांनी अडवलं
तिच्या गळ्यातल्या क्रुसाकडे बघत:
"धर्म वाटायला आलाय काय, बाई?"
"नाही बाबा, नखं काढायला.
तुझी पण वाढल्यात की."
आणि खरंच त्याचा हात धरला.

आमचे पाळकसाहेब एकदा सोबत आलेले.
म्हणाले, रुग्णांसाठी प्रार्थना करता ना?
आत्या कुणाच्या तरी अंगठ्यावर वाकलेली.
"हात दोनच आहेत, साहेब.
जोडले तर कापू कशानं?"
पाळकसाहेब मग बादली भरून आणायला गेले.

खाट अकरा. तक्त्यावर: अनोळखी पुरुष, अंदाजे साठ.
हिनं मराठीत विचारलं, मोडक्या कानडीत विचारलं,
तो पंख्याकडे बघत राहिला.
उजव्या हाताशी मात्र ती थबकली.
नखांखाली माती. तांबडी, चिकट,
भिजवली तरी सुटेना, वर्षानुवर्षांची.
कागदावर कोरून घेतली, पुडी बांधली.
"रिक्षा काढ. खानापूरला जायचंय."

तीन भट्ट्या बंद पडलेल्या.
चौथीपाशी एका म्हाताऱ्यानं पुडी उघडली,
बोटांत चुरली, जिभेला लावली.
"आमचीच."
मग आठवून आठवून बोलला:
डाव्या अंगठ्याला पेर नाही? भरमाण्णा तो.
चाकावर बसायचा. बायको गेली, भट्टी गेली,
मग तोही गेला कुठंतरी.

परत येईस्तोवर अंधार. रस्त्यातल्या पाटीवरची
एक भाषा कुणीतरी काळ्या रंगानं पुसलेली,
कुठली, ते दिव्यात दिसलं नाही.
आत्या खाटेशी वाकली, कानात म्हणाली,
"भरमाण्णा."
पंख्यावरची नजर खाली आली. हळू, फार हळू.
"यार्रि?" कोण तुम्ही?
काय सांगणार होती ती? कुणाचं नाव?
"नखं काढायला येते, ती."

नऊ दिवसांनी तो गेला.
रजिस्टरमधलं "अनोळखी" खोडून नाव लिहा म्हणाली.
कारकून कुरकुरला, खोडाखोड चालत नाही.
ती टेबलापाशी उभीच राहिली
चहाची वेळ टळून जाईपर्यंत.

आता तिचेच हात थरथरतात.
मी चर्चमध्ये अजून मागच्या बाकावर बसतो,
प्रवचन लांबलं की घड्याळ बघतो.
गुरुवारी रिक्षा गेटबाहेर लावतो, आत जातो.
वास येतोच. सवय होत नाही.
परवा एकाच्या करंगळीला लागलं माझ्याकडून,
रक्त आलं. तोच म्हणाला, असू दे.

नेलकटरची धार गेल्या.
खडेबाजारात नवं बघायला पाहिजे.