अंगठ्यातला बी

जिभेला हाड नसतं.
हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही.
वीस वर्षं इदलिबमध्ये, सहा ग्लासगोत,
गाईच्या, मेंढीच्या जिभा सोलल्यात या हातांनी.
नसतंच.
तरी मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
चर्चच्या तळघरात, हीटरशेजारच्या खुर्चीत,
माझ्या जिभेत कुठूनसं एक हाड येतं
आणि आडवं बसतं.

मॉराग बाई ओठांसमोर कागदाची पट्टी धरतात.
"पी म्हणा, मुन्झिर. कागद हलला पाहिजे."
मी म्हणतो. कागद ढिम्म.
आमच्याकडे पी नाही, बाई,
आम्ही आजवर बी वरच भागवलं.
म्हणून मी गाडी बार्क करतो, बिल बे करतो,
आणि एकदा दुकानात एकाने पोर्क मागितलं
तर "ते आम्ही ठेवत नाही" सांगताना बोर्क म्हणालो.
जे विकत नाही त्याचं नावही घेता येत नाही,
इतका मी पापभीरू.
घरी शहद, वय नऊ,
मटण गुंडाळायचा कागद माझ्या नाकापुढे धरते.
"बाबा, नुसतं फुंकू नकोस. बोल."

स्पेलिंगचं दुखणं वेगळं.
नाइफ. रोज माझ्या हातात असते ती सुरी.
मी ऐकली तशी लिहिली, एनपासून.
बाईंनी लाल शाईने पुढे के लावला.
लॅम. मागे बी लावला.
तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली ही अक्षरं,
बोलत नाहीत, उठूनही जात नाहीत.
मी म्हणालो, मग काढून टाका ना.
मी नाही का, गिऱ्हाइकाने सांगितलं की हाड काढून देत?
बाई म्हणाल्या, एके काळी बोलायची ती.
लोकांनी बोलणं सोडलं. लिहिणं राहून गेलं.

मग थम आला. अंगठा.
माझा डावा, पहिल्या पेरापासून वर नाही.
सोळाव्या वर्षी, भावाशी बोलता बोलता सातूर चालवला.
चूक माझी. रडला तो.
टी, एच, यू, एम,
आणि बी.
"हा बरा लक्षात राहिला?" बाईंनी विचारलं.
मी हात वर केला.
वर्ग हसला, मग एकदम गप्प झाला.
थंडीत तो नसलेला तुकडाच जास्त ठणकतो,
हे सांगायचं होतं;
ठणकण्याला शब्द सापडेना.

फेब्रुवारीत नाइट.
जी आणि एच, पुन्हा दोन मुके, ऐन मध्यात.
मी वही मिटली.
बाई हसल्या. माझी आजी एअरशरची, म्हणाल्या,
ती बोलायची यांना.
"निख्त."
ख घशातून खरवडून, जराशा लाजत.
"पुन्हा," मी म्हणालो.
विद्यार्थी मी, आणि पुन्हा म्हणालो मीच.
"निख्त."

तो ख माझ्या ओळखीचा होता.
अकरा वर्षं आम्ही तो घरात काढलेला नाही,
नाक्यावर त्याला बसमधून उतरवून घेतलं तेव्हापासून.
अर्जांत असतो. भावंडांचा रकाना,
त्यात त्याचं पहिलं अक्षर.
मी नीट लिहितो, काना न विसरता म्हणतात तसं.
वाचत नाही.
आईसमोर तर नाहीच.

काल दुकान बंद करताना मिसेस गिलेस्पी आल्या,
ऐंशीच्या पुढच्या, अर्धा पौंड खिमा.
नाणी एकेक करून मोजली.
मी म्हणालो, गुड निख्त.
त्या दारात थांबल्या.
"हे कुठे शिकलास?"
उत्तर पाठ होतं: ईव्हनिंग क्लास.
"भावाकडून," मी म्हणालो.
"नाव काय त्याचं?"
खल्दून.
"पुन्हा सांग," कान पुढे करून त्या म्हणाल्या,
"मला हल्ली कमी ऐकू येतं."
मी सांगितलं, मोठ्याने.
काउंटरवरचा कागद हलला की नाही,
पाहायचं राहून गेलं.