चौदा घोडे

वॉशिंग्टनात फेब्रुवारी. शाई गोठते,
म्हणून दौत काखेत धरून बसतो
कोंबडी अंडं उबवते तसा,
आणि मग माणसं बाहेर पडतात.

आज सत्तेचाळीस काढली.
सगळी ड्राय फोर्कची रहिवासी
(नकाशावर माशी बसून गेल्यासारखा ठिपका),
सगळ्यांची एकच विनंती :
आठवड्याचं टपाल आम्हाला रोज हवं,
आणि चालीनं नको, दौडीनं.
खाली सह्या. थरथरत्या, फर्राटेदार,
डाव्या हाताने काढलेल्या नऊ,
आणि निरक्षर खाणकामगारासाठी एक फुली.

कंत्राट आठशे डॉलरचं होतं,
अर्ज मंजूर झाला, बावीस हजार झालं.
एक म्हातारा, एक घोडी, मंगळवारी निघून गुरुवारी पोचणारी.
म्हातारा तोच राहिला.
वहीत मात्र घोडी व्यायली :
चौदा घोडे, सहा स्वार.
वाढलेले तेरा चंदी मागत नाहीत,
नाल झिजवत नाहीत.
ते इथेच धावतात,
सिनेटर ऑरिन पेल्हॅमच्या बग्गीपुढे,
उपप्रमुखांच्या बायकोच्या कानांतल्या लोलकांत,
आणि एकाचं शेपूट माझ्या वाट्याला येतं :
थिओडोशियाचं खोकल्याचं औषध, कोळशाची गोणी.
तक्रार नाही. कोळसा चांगला जळतो.

नावं संपत आली तेव्हा ती सुचली.
लव्हिनिया स्ट्रिकर, विधवा.
विधवा का लिहिलं कोण जाणे, नुसतं नाव पुरलं असतं.
मग तिला मुलगा द्यावा लागला,
ओरेगनात, लाकूडतोडीवर,
नाहीतर रोजच्या टपालाची तिला काय गरज?
चौकशी झालीच तर उत्तर तयार हवं.

चौकशी एप्रिलात झाली.
पितळी पिकदाण्या ओलांडत गेलो, बायबलवर हात ठेवला.
वकिलानं पढवलं होतं : आठवत नाही म्हणा.
शेहेचाळीस वेळा म्हणालो.
तिच्या नावाशी आलो आणि तोंडून गेलं :
ही आहे.
हिला अजून पत्र आलेलं नाही.
सभागृह हसलं, पेल्हॅमसाहेब सगळ्यांत मोठ्यानं.
लघुलेखकानं मान वर केली : हे लिहू?

दुपारी म्हातारा स्वार उभा राहिला, एझ्रा टॉलिव्हर,
टोपी कुठे ठेवावी ते न कळून ती छातीशी धरलेली.
गावात घरं किती? तीन.
पिशवीत पत्रं किती? बहुधा एकही नाही.
मग जाता कशाला?
तो थोडा गोंधळला.
पिशवीला कुलूप असतं, साहेब. किल्ली तिकडे.
रिकामी आहे हे तिथे पोचल्यावरच कळतं.

सगळे निर्दोष सुटले.
पेल्हॅमसाहेब नोव्हेंबरात पुन्हा निवडून आले, बँडसकट.
माझी नोकरी तेवढी गेली.

त्या आठवड्यात एक पत्र लिहिलं,
पहिल्यांदाच माझ्या खऱ्या अक्षरात.
आई, मी बरा आहे. इकडे झाडं फार उंच आहेत.
तीन सेंटांचं तिकीट. लव्हिनिया स्ट्रिकर, ड्राय फोर्क.

चार महिन्यांनी परत आलं.
अशी कुणी नाही, पेन्सिलीनं लिहिलेलं, बाईचं अक्षर.
लखोटा दुमडलेला, कोपऱ्यावर पिवळट डाग,
हुंगला तर घाम. घोडीचा.

थिओडोशिया खोकत म्हणाली, शेगडी विझतेय, टाक ते त्यात.
मी खिडकीशी उभा राहिलो,
कोळसेवाल्याची वाट पाहत असल्यासारखा.