शेऱ्याचा रकाना

सावरखेडच्या बंधाऱ्याला, डाव्या काठानं,
माशांसाठी जिना बांधलाय.
अठरा टाक्या, एकीहून दुसरी वीतभर उंच,
दोन टाक्यांच्या मधल्या भिंतीत एक फट,
मासा जाईल एवढी.
चार फटींना तांब्याच्या तारेची चौकट.
मी त्या चौकटींची राखणदार.
रात्री आठ ते सकाळी सहा, पत्र्याची खोली,
एक बॅटरी, एक वही, मच्छरांची अगरबत्ती.

आषाढात दोनशे बारा मासे धरले होते.
लवंगेच्या तेलाच्या पाण्यात ते कुशीवर पडायचे,
रेवणवार मॅडम पोटाशी सुई धरायच्या,
आत सरकायची काचेची कुपी,
साळीच्या दाण्याएवढी.
दुखतं का, मी विचारलं.
"आपल्याला ठाऊक नाही," म्हणाल्या, आणि सुई पुसली.
तेव्हापासून मॅडम मला बऱ्या वाटतात.

चौकटीतून मासा गेला की यंत्र टिक् करतं,
पडद्यावर नंबर येतो, वेळ येते.
टिक् झालं नाही तर
रात्रभर नुसती गोदावरी.

एकशे एकेचाळीस म्हणजे तांबीर, मादी,
दोन किलो शंभर ग्रॅम, पोट अंड्यांनी ताठ.
तिसऱ्या रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
पहिल्या चौकटीत आली,
चाळीस सेकंद थांबली
आणि मागं फिरली.
दुसरी चौकट कोरी. तिसरी कोरी. चौथी कोरी.
मी तेवढंच लिहिलं.

अकराव्या दिवशी बंधाऱ्याच्या वर दीड कोसावर,
बाभळीच्या डोहात,
मारोतीच्या जाळ्यात तांबीर लागली.
मॅडमनी यंत्र टेकवलं, एकशे एकेचाळीस!
"चढली!" मॅडम एवढ्या मोठ्यानं ओरडल्या
की मारोतीच्या हातून ती सुटली ती सुटलीच.
मधल्या चौकटी कोऱ्या कशा?
"यंत्र कधी कधी चुकतं. शंभरात सात.
तेवढं धरलेलंच असतं."
एकोणऐंशीचे ऐंशी झाले.

सांजंला मामाच्या दारात पोतं वाळत होतं,
सटवामामाचं, युरियाचं, खांद्यापाशी झिजलेलं.
शिवणीत दोन खवलं.
कडेला लाली.

मामा, हे काय?
"कामून इचारतीस?"
मामा, खरं सांग.
"उजव्या अंगाला तीन बर्गे गळतेत, ठाऊक हाय ना?
पाणी तिथं वाजतंय.
मग ती तुमच्या जिन्याकडं कशाला जाईल?
आठ दिस तिथंच भिताडाला तोंड घाशीत व्हती.
पोटुशी. अशी मी इकत नसतो.
पोतं भिजवलं, खांद्यावर घेतली, वर नेऊन सोडली."
एकच?
मामानं बिडी उलटी धरली, सुलटी केली.
"बंधारा झाल्यापासनं नेतो, शेवंते.
मोजायला तू कुठं व्हतीस?"

वहीत नंबर, वेळ, चौकट, आणि शेवटी शेरा.
शेऱ्याचा रकाना करंगळीएवढा रुंद.
सहा महिन्यांचा पगार त्या जिन्याच्या नावानं येतो
आणि जिन्याला एक तांबीर जास्त हवी होती.
मी बॅटरी बंद केली. परत लावली.
मग बारीक अक्षरात लिहिलं:
जिन्यानं नाही. पोत्यानं. उजवा काठ.

मॅडमनी सकाळी वाचलं.
चहावर साय आली, बोटानं काढून टाकली.
ऐंशी खोडून एकोणऐंशी केले, बाजूला सही.
"मामा आता कुठं असतील?"

उजव्या अंगाला असतात.
मॅडम चपला हातात घेऊन बंधाऱ्यावरून गेल्या.
इथून दोघं दिसत होती,
मामा काठीनं पाणी दाखवतोय,
मॅडम वाकलेल्या,
एक कान पाण्याकडं.
आवाजात त्यांचं बोलणं काही येईना.

दिवसपाळीचा पोरगा आला नव्हता.
टिक्.
एकशे अठ्ठ्याण्णव. दुसरी चौकट.
आठ वाजून चार मिनिटं.
शेरा कोरा ठेवला,
पेन उघडंच.